गाडीचा डिस्प्ले १८ दाखवतो, हिशेबाने १४ चं अ‍ॅव्हरेज येतं. इंजेक्टर साफ करून घेऊ का?

इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करायची घाई इतक्यात नको. डिस्प्ले आणि हिशेब यांत थोडा फरक असतोच, डिस्प्ले बहुधा जरा गोडच बोलतो. पण १८ आणि १४? एवढी तफावत दिसली की मला आधी मोजणीचाच संशय येतो. डिस्प्लेचा आकडा कधीपासूनचा आहे ते बघा. मागच्या महिन्यात हायवेवर लांब जाऊन आला असाल आणि रीसेट केला नसेल, तर ते १८ तिथलंच उरलेलं असेल.

तुमचं १४ कसं काढलंत हे तुम्ही लिहिलेलं नाही. काट्यावरून काढलं असेल तर सोडून द्या. टाकी फुल्ल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडला की थांबा (वरून 'राउंड फिगर' करू देऊ नका) आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. ३००-४०० किलोमीटर नेहमीसारखी चालवा, मग त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. कट थोडा मागेपुढे होतो, म्हणून तीन-चार टाक्यांची सरासरी धरा. एका टाकीवरून गाडीला नावं ठेवू नका.

आणि १४ खरंच निघालं, तर मी इंजिनाच्या आधी ब्रेकच्या पेडलकडे बघेन. हजार किलोची गाडी ताशी ६० ने धावत असते तेव्हा तिच्यात सुमारे १३९ किलोजूल ऊर्जा असते. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाजूल असतात, पण त्यातले पाव ते तीस टक्केच चाकांपर्यंत पोचतात, बाकी उष्णता. म्हणजे शून्यावरून साठवर जायला नुसत्या वेगापोटी १५-१७ मिलिलिटर पेट्रोल लागतं. चहाचे तीन चमचे! पुढे सिग्नल लाल दिसतोय, तरी तिथपर्यंत दामटवून कच्चकन ब्रेक मारला की ते तीन चमचे ब्रेक तापवण्यात गेले. पाच किलोमीटरांत असं दहा वेळा झालं, तर १४ च्या हिशेबाने लागणाऱ्या साडेतीनशे मिलिलिटरपैकी जवळपास निम्मं पेट्रोल इथेच संपतं.

म्हणून लांबून लाल दिवा दिसला की पाय उचला, गाडी गिअरमध्येच राहू द्या. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची सवय कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) काळातली आहे. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडणं बंद करतात, चाकंच इंजिनाला फिरवत ठेवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच. उतारावर तर न्यूट्रल करूच नका, तिथे प्रश्न पेट्रोलचा नाही, गाडी ताब्यात ठेवण्याचा आहे.

हायवेवरचं गणित वेगळं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे १०० केलेत की तो दीडपटीहून जास्त होतो.

माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज एकदा असंच १३ वर आलं होतं. इंजेक्टर साफ करून घेतले, एअर फिल्टर बदलला, फरक शून्य. एकदा गाडीतून उतरल्यावर पुढच्या डाव्या चाकाजवळून गेलो तर पायाला धग लागली. उजव्या चाकाशी तळवा नेऊन पाहिला, तिकडे काहीच नाही. कॅलिपरची (ब्रेकचं पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन जाम होती आणि पॅड डिस्कला कायम घासत होतं. पिन साफ करून ग्रीस लावल्यावर पुढच्या टाकीलाच १५.५ आलं. तुम्हीही बघा: ब्रेक कमी वापरून थोडं फिरा, उतरा आणि समोरासमोरच्या चाकांजवळ हात न्या (रिमला लावू नका, भाजेल). एकच चाक तापलेलं असेल तर चोर सापडला.

टायरमधली हवा गाडी थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. हे तुम्ही करतच असाल.

रोजची धाव दोन-तीन किलोमीटरचीच असेल, तर १४ हेच तुमचं खरं अ‍ॅव्हरेज असू शकतं. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, आणि तुमचं इंजिन तापेपर्यंत तुम्ही पोचलेले असता. तसंही १४ चे १६ झाले तर शंभर किलोमीटरमागे ०.९ लिटर वाचतं. २० चे २२ करणाऱ्याचं अर्धा लिटरसुद्धा वाचत नाही. त्यामुळे मित्राच्या गाडीचे आकडे ऐकून हिरमुसू नका.

इंजेक्टरचं सगळ्यात शेवटी बघा. उभ्या गाडीत इंजिन थरथरत असेल किंवा चेक इंजिनचा दिवा लागला असेल, तर मात्र आधी गॅरेजमध्ये स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून घ्या.