ऑक्टोबरातलं व्हिएन्ना: राजवाड्यांपलीकडे

पहिल्यांदाच जाताय, तर शोनब्रुन राजवाड्याला अर्धा दिवस पुरे. एक कोरडा दिवस मात्र द्राक्षमळ्यांसाठी राखून ठेवाच. डी क्रमांकाच्या ट्रामने शेवटच्या थांब्यावर, नुसडॉर्फला उतरा. तिथून 'श्टाटवांडरवेग १' ही खुणा लावलेली पायवाट सुरू होते. साधारण ११ किलोमीटर, म्हणजे तीन-चार तास. ४८४ मीटर उंच कालेनबर्ग टेकडीपर्यंत सगळा चढच आहे. पाय थकले तर तिथूनच ३८ए बस हायलिगनश्टाट मेट्रो स्थानकावर आणून सोडते. पावसानंतर ओली पानं फार निसरडी होतात, म्हणून साध्या सपाट तळाचे बूट नकोत.

वाटेत 'श्टुर्म' मिळतो, म्हणजे अजून आंबत असलेली गढूळ, गोडसर द्राक्षवाइन. सरबतासारखी लागते, पण चढते. बाटली घेतलीत तर उभीच धरा. आंबताना वायू सुटतो, म्हणून झाकण घट्ट लावलेलं नसतं. पिशवीत आडवी ठेवलीत तर कपडे गेलेच.

ढगाळ दिवशी ७१ नंबरची ट्राम पकडून १८७४ साली सुरू झालेल्या मध्यवर्ती दफनभूमीत जा. दुसऱ्या दाराने शिरून ३२ए विभाग गाठा: बीथोव्हन, शूबर्ट, ब्राम्स या संगीतकारांच्या कबरी शेजारी-शेजारी. मोझार्टचं तिथे फक्त स्मारक आहे. त्याला पुरलं ते सेंट मार्क्सच्या दफनभूमीत, याच ट्रामच्या वाटेवर.

२६ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबरला सुट्टी असते, वाणसामान आदल्या दिवशीच भरा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळ संपून घड्याळं तासभर मागे जातात आणि पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मळ्यांकडे सकाळीच निघा.