जातीवर आरक्षण की गरिबीवर? सेतूच्या टेबलावरून जे दिसते ते सांगतो

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे की गरीब तर सगळ्याच जातीत आहेत मग आरक्षण जातीवर काऊन, सरळ उत्पन्नावर द्या अन् विषय संपवा, अन् खाली लिहिलंय की तुमच्या बहिणीपेक्षा कमी मार्क असलेल्या मैत्रिणीला राखीवमधून सीट भेटली. बहिणीनं मेहनत केलीच असणार, तिला वाईट वाटलं त्याला मी नाव ठेवणार नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, लोकं अजूनही सेतूच म्हणतात, बारा वर्षं झाली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर म्हणजे ओबीसीतल्या वरच्या थरातला नाही असा दाखला, व्हॅलिडिटीचा म्हणजे जात पडताळणीचा फॉर्म, सगळं माझ्या हातून जाते. मी स्वतः कुणबी म्हणजे ओबीसी, अन् आयटीआयला सवलत घेतलेली आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

पहिले उत्पन्नाचं. उत्पन्नावर आरक्षण नाहीच असं नाही. २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती होऊन, ज्यांना दुसरं कोणतं आरक्षण नाही त्यांच्यासाठी १० टक्के ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बलांचं आरक्षण आलं, केंद्राच्या नियमात ८ लाखांच्या आत उत्पन्न अन् ५ एकरापेक्षा कमी शेती असं आहे, अन् सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ते कायम ठेवलं. पण सगळंच उत्पन्नावर करा म्हणणाऱ्यानं जून महिन्यात माझ्या टेबलाशेजारी एक दिवस बसून पाहावं. सोळा एकर ओलित, दोन बोअर, दारात ट्रॅक्टर, अन् दाखल्यावर वर्षाचं उत्पन्न पंचावन्न हजार. शेतीचं खरं उत्पन्न कोणाच्याच कागदावर नसते, तलाठी तरी काय मोजणार. अन् शाळेत शिपाई असलेल्या माणसाचा पगार मात्र रुपयापर्यंत दिसते. म्हणजे सगळी सवलत उत्पन्नावर ठेवली तर ज्याला लपवता येते तो आत अन् ज्याला येत नाही तो बाहेर.

दुसरं असं की गरिबी हलते. २०२२ मध्ये कापूस दहा हजाराच्या वर गेला तेव्हा आमच्या गावात किती घरांवर स्लॅब पडले, किती पोट्ट्यांच्या हातात नवे मोबाइल आले, पुढच्या साली भाव पडला अन् पुन्हा सोसायटीचं कर्ज. जात अशी हंगामानं वरखाली होत नाही. गरीब कुणब्याच्या पोराला गावात कोणी पाणी वरून वाढलं नाही, भाड्यानं खोली मागितली तर आडनाव विचारून परत पाठवलं नाही. ज्यांना पाठवलं त्यांच्यासाठी हे आरक्षण आहे, स्कॉलरशिपसारखी गरिबी हटवायची योजना म्हणून हे कधी आलंच नव्हतं.

आता जे मला खरंच सांगायचं आहे ते. टीव्हीवर भांडण टक्क्यांचं चालते, एससीला १३, एसटीला ७, ओबीसीला १९. माझ्या टेबलावर भांडण कागदाचं असते. व्हॅलिडिटीसाठी जुना पुरावा लागते, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, आम्हा ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. तो कुठून आणायचा? शाळेच्या दाखलखारीजमधून म्हणजे पोरांच्या नावनोंदणीच्या रजिस्टरमधून, नाहीतर कोतवाल बुकातून.

कोतवाल बुक तुम्ही पाहिलं नसेल. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये पिवळ्या पडलेल्या, कडा खाल्लेल्या वह्या आहेत, त्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले, बापाचं नाव, जात, पोरगा की पोरगी, मेला तर कशानं, ताप, हगवण, बाळंतपण. माझ्या पणजोबाच्या नावापुढे "कुणबी" लिहिलेलं तिथंच सापडलं, त्या एका ओळीवर आमच्या भावकीतल्या अकरा जणांच्या व्हॅलिडिट्या निघाल्या, कारण बापाकडच्या रक्तातल्या एकाला भेटली का बाकीच्यांचं काम सोपं होते. अन् ही नोंद गावातून ठाण्यात कोण नेत होता, तर आमच्या गावचा कोतवाल, अन् कोतवालकी होती महारांच्या घरात. पायी जाऊन कोणाच्या घरी काय जन्मलं ते सांगून यायचा, उन्हापावसात. आमच्या वाड्यात त्याला पाय ठेवू देत नव्हते, माझी आजी स्वतः सांगायची. पुढे त्या घरानं १९५६ नंतर बौद्ध धम्म घेतला तर केंद्राच्या सवलती धर्म बदलला म्हणून लागू नव्हत्या, त्या थेट १९९० मध्ये कायदा बदलल्यावर लागल्या. मी जेव्हा जेव्हा कोणाचा कुणबीचा पुरावा त्या वहीत शोधतो तेव्हा मला हा माणूस आठवते. आरक्षणाला शिव्या देत माझ्याकडे कुणबीचा दाखला काढायला आलेल्या लोकांना मी हे तोंडावर सांगतो, राग आला तरी.

अन् ज्यांचं नाव कोणत्याच वहीत नाही त्यांचं काय? आमच्या गावाबाहेर नाथजोग्यांची आठ-दहा घरं आहेत. एनटी-बी म्हणजे भटक्या जमातीच्या ब गटात येतात, अडीच टक्क्यातले. त्यातली एक पोट्टी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली, बाप गावोगाव केसांवर भांडे देते. नर्सिंगला तिचा नंबर लागला, व्हॅलिडिटीच्या अर्जाची पावती लावून प्रवेश झाला, अन् मुदतीच्या आत व्हॅलिडिटी आणून द्या असं सांगितलं. आता पुरावा कुठला? आजा कधी शाळेत गेला नाही, त्या काळात पाल टाकून फिरायचे, आज या गावाच्या शिवारात तर उद्या त्या, कोणत्या कोतवालानं त्यांचा जन्म लिहायचा? बाप चौथीपर्यंत शिकला, त्याच्या टीसीवर मास्तरनं लिहिलं "जोगी". काकाच्या टीसीवर "गोसावी". पोरीच्या टीसीवर "नाथजोगी". ऑफिसात साहेब म्हणे तीन नावं म्हणजे तीन जाती, नीट पुरावा आणा. गृहचौकशी करा, म्हणजे घरी येऊन विचारपूस करा, असं लेखी दिलं तर फाइल महिनोन्‌महिने हललीच नाही. मी तिच्या बापासोबत चार वेळा गेलो. चौथ्या वेळी तो बाहेर जिन्यावर बसून राह्यला, आत येतच नव्हता, म्हणे "दादा, मी कोण आहो हे मले साऱ्या गावाले विचारा, कागदाले काऊन विचारता."

मुदत गेली, सीट गेली. ओपनची फी भरून शिक असं सांगितलं, ती कुठून भरणार.

म्हणून कोणी म्हणते ना की जातीवाल्यांना सगळं फुकट भेटते तेव्हा माझं डोकं फिरते. तुमच्या बहिणीची सीट या पोरीनं घेतली नाही, हिची तर हिलाच भेटली नाही. हो, राखीवमध्येही ज्याचा बाप आधीच नोकरीवर आहे, ज्याच्या घरी व्हॅलिडिटी फ्रेममध्ये लटकते, तोच पुढं निघते हे मी नाकारत नाही. ओबीसीत क्रिमिलेअर आहे, पण त्यातल्या उत्पन्नाच्या हिशोबात पगार अन् शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, नोकरीवाल्यांचं आईबाप वर्ग एक-दोनचे अधिकारी आहेत का ते पाहतात, हे माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना माहीत नसते. तिथं सुधारायला जागा आहे, अन् १ ऑगस्ट २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं एससीत उपवर्गीकरण करायची, म्हणजे आतल्या आत गट पाडायची, राज्यांना मुभा दिली, त्यावरही शांतपणे बोलता येते. पण ती सुधारणा मागं राहिलेल्याला आत घ्यायला पाहिजे, दार लावायला नाही.

नोकरीचं थोडक्यात सांगतो. इकडे पोट्टे तलाठी भरतीसाठी चार-चार वर्षं अभ्यासिकेत बसले आहेत, ओपनवाला म्हणते राखीवनं खाल्लं, ओबीसी म्हणते दुसऱ्यानं खाल्लं, गडचिरोलीत तर जिल्ह्याच्या वर्ग क अन् ड च्या पदांत ओबीसीचा वाटा कितीतरी वर्षं फक्त ६ टक्के होता, तिथल्या पोरांचा राग मला समजते. अन् तिकडे पदं कंत्राटावर चालली आहेत जिथं बहुतेक वेळा कोणाचंच आरक्षण चालत नाही. २०२३ मध्ये खासगी एजन्सीकडून पदं भरायचा जीआर निघाला होता, बोंब झाली तेव्हा मागं घेतला. त्या वेळी ओपन अन् राखीव दोन्हीकडचे पोट्टे एकाच मोर्चात होते, तेवढाच एक दिवस मी पाहिला.

तुमच्या बहिणीसाठी एकच सांगतो, ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल तर तो दाखला प्रवेशाच्या आधीच काढून ठेवा, त्यात पगार, शेती, धंदा सगळंच धरतात, अन् तो दरवर्षी नवा लागते.

ती पोट्टी सध्या तालुक्याला एका दवाखान्यात नोंदी लिहायचं काम करते. तिचा भाऊ सातवीत आहे. त्याची फाइल मी आत्ताच लावली, बापाची टीसी दुरुस्तीला टाकली आहे, अन् त्यांचा एक चुलत आजा १९५९ मध्ये दारव्ह्याकडच्या एका शाळेत दोन महिने बसला होता असं त्यांची म्हातारी सांगते. पुढच्या आठवड्यात ते दाखलखारीज पाहायला जातो आहे.