वाढ ८.२ टक्के, मग सोयाबीनचे पैसे कुठे गेले?

जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत देशाचं एकूण उत्पादन, म्हणजे जीडीपी, किती वाढलं याचा आकडा नोव्हेंबरअखेर जाहीर झाला आणि या सदराकडे पत्रांची रीघ लागली. मी आयुष्यभर सर्वेक्षणाचं काम केलं. लोकांच्या ओट्यावर बसून खर्च लिहून घेतला. त्यामुळे हे प्रश्न मला नुसते कागदावरचे वाटत नाहीत. चार पत्रं निवडली आहेत.

ताई, देश ८.२ टक्क्यांनी वाढला असं टीव्हीवर सांगतात. राज्याच्या आर्थिक पाहणीत २०२४-२५ ला शेती ८.७ टक्क्यांनी वाढल्याचं छापलंय. आमच्या घरात त्या वर्षी सोयाबीनचे पैसे आधीपेक्षा कमी आले. खोटं कोण बोलतंय? — एक शेतकरी, लातूर जिल्हा

भाऊ, खोटं कुणीच बोलत नाही. तुमचा हिशेबही खरा आणि पाहणीतला अंदाजही. दोघांनी मोजलेली वस्तू मात्र वेगळी आहे.

हे दोन्ही आकडे ‘स्थिर किमतींना’ काढलेले आहेत. म्हणजे तुमचं पीक कितीला विकलं गेलं हे त्यात येत नाही. पीक किती आलं ते येतं, आणि त्याला एका ठरलेल्या जुन्या वर्षाचा भाव लावला जातो; या आकड्यांत तो २०११-१२ चा होता. समजा आधीच्या वर्षी तुम्हाला दहा क्विंटल झालं आणि ५,००० रुपये भाव मिळाला. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, बारा क्विंटल झालं, पण भाव ४,००० वर आला. सरकारी हिशेबात तुमचं उत्पादन वीस टक्क्यांनी वाढलं. तुमच्या हातात ५०,००० ऐवजी ४८,००० आले, आणि दोन क्विंटल जास्तीची काढणी, मळणी, हमाली तुमच्याच खिशातून गेली. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. बाजार समितीत प्रत्यक्ष काय पुकारलं जात होतं, ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

म्हणून नेहमी दुसरा आकडाही शोधा, ‘चालू किमतींचा’, म्हणजे त्या-त्या वेळच्या बाजारभावाने काढलेला. जुलै-सप्टेंबर २०२५ मध्ये स्थिर किमतींनी वाढ ८.२ टक्के आणि चालू किमतींनी ८.७ टक्के होती. दोन्हींत जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक, म्हणजे सगळ्या अर्थव्यवस्थेत भाव जवळपास जागच्या जागी होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यावर आला, कारण भाज्या-डाळींचे भाव पडले होते. शहरातल्या घरात त्याचा आनंद झाला, आणि तो खराही होता. पण ती भाजी कुणीतरी तितक्याच स्वस्तात विकलेली होती. वर्तमानपत्रांनी स्थिर आणि चालू किमतींचे हे दोन आकडे एकाच चौकटीत, सारख्याच टायपात छापावेत, असं मला फार मनापासून वाटतं. एकच छापला की शेतकऱ्याला वाटतं आपण नालायक, आणि शहरवाल्याला वाटतं शेतकरी कांगावा करतो.

तिमाही वाढ म्हणजे आधीच्या तीन महिन्यांपेक्षा किती वाढलं, असंच ना? — अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर

नाही गं. आपल्याकडे मथळ्यात येते ती तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी असते. एप्रिल-जूनची गाठ आधीच्या एप्रिल-जूनशी. कारण उघड आहे: मार्चअखेरच्या तिमाहीनंतर येणारी प्रत्येक एप्रिल-जून तिमाही ‘मंदी’ ठरवायची का? खरिपाची काढणी, लग्नसराई, मार्चअखेरची सरकारी बिलं, सगळं ज्याच्या त्याच्या हंगामात येतं.

या पद्धतीत दोन खाचा आहेत. पहिली कोविडने दाखवली. एप्रिल-जून २०२० मध्ये अर्थव्यवस्था २४.४ टक्क्यांनी आक्रसली, पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्क्यांनी वाढली, आणि लोकांना वाटलं भरून निघालं. प्रत्यक्षात २०१९ च्या त्या तिमाहीत ३५.६६ लाख कोटींचं उत्पादन होतं, २०२१ मध्ये ३२.३८ लाख कोटींचं. दोन वर्षांनंतरही आपण मागेच होतो. टक्का पाहिलास की त्याखालचा रुपयातला आकडा पाहायची सवय आत्ताच लाव.

दुसरी खाच पंचांगाची, आणि ती माझ्या आवडीची. सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आपले सण तिथीने येतात. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला आला. मांडून बघ: २०२३-२४ या आर्थिक वर्षात एकही पाडवा नाही आणि २०२४-२५ मध्ये दोन! सोनं, दुचाकी, फ्लॅटचं बुकिंग हे सगळं महाराष्ट्रात पाडव्याच्या मुहूर्तावर होतं. त्यामुळे एप्रिल-जून २०२५ ची राज्यातली वाहनविक्री आधीच्या वर्षाशी ताडताना एका बाजूला पाडवा आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे लक्षात ठेवायलाच हवं. नवरात्राचंही तसंच. २०२४ मध्ये घट ३ ऑक्टोबरला बसले, २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. म्हणजे जवळजवळ सगळं नवरात्र एका तिमाहीतून आधीच्या तिमाहीत सरकलं. त्यातच जीएसटीचे कमी दरही त्याच घटस्थापनेपासून लागू झाले, आणि त्याआधी कित्येकांनी खरेदी थांबवून धरली होती. त्या तिमाहीत लोकांचा खर्च ७.९ टक्क्यांनी वाढलेला दिसतो, तो हे सगळं पोटात घेऊन.

महाराष्ट्राचा तिमाही आकडा कुठे मिळेल? मी शोधून थकलो. — एक व्यापारी, नाशिक

दादा, नियमित निघतच नाही. राज्याचं उत्पन्न वर्षाचं मोजलं जातं आणि अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवसांत, आर्थिक पाहणीत आपल्याला वाचायला मिळतं. देशाच्या उत्पन्नातला साडेतेरा टक्क्यांच्या आसपासचा वाटा असलेल्या राज्याला आपली नाडी वर्षातून एकदा कळते, हे मला बरं वाटत नाही.

मधल्या काळात बहुतेक जण जीएसटीकडे बघतात. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्रातून ४१,६४५ कोटी जमा झाले, देशात सर्वांत जास्त. पण हा आकडा जपून वापरा. एक तर ती वसुली मार्चमधल्या व्यवहारांची. दुसरं म्हणजे गाडी चाकणला बनली आणि पाटण्यात विकली गेली, तरी त्यावरचा आंतरराज्य कर आपल्या खात्यात दिसतो. खर्च करणारा माणूस बिहारचा असतो. त्याच पत्रकात पुढे, वाटप झाल्यानंतर राज्याला काय उरलं याचा तक्ता असतो. खपाचा अंदाज घ्यायचा तर तो वाचा. जोडीला वाहन नोंदणी, विजेची मागणी आणि ट्रॅक्टरची विक्री पाहा.

आणि राज्याची सरासरी म्हणजे तुमचा जिल्हा नव्हे. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत महाराष्ट्रात माणशी महिन्याचा खर्च खेड्यात ४,०१० रुपये आणि शहरात ६,६५७ रुपये निघाला. पण ‘खेडं’ म्हणजे पुण्याला लागून असलेली मुळशीही आणि नंदुरबारच्या डोंगरातलं धडगावही. तेल गेल्या सात दिवसांत किती लागलं, तांदूळ तीस दिवसांत, कपडे वर्षभरात, असं विचारत या पाहण्या होतात. धडगावकडच्या एखाद्या घरात कपड्यांच्या प्रश्नावर बाई लग्नातल्या आहेराच्या लुगड्याकडे बोट दाखवते आणि विकत काही घेतलंच नाही म्हणते. तेही आम्ही लिहून घेतो, आणि ते त्या सरासरीत आहे.

लाडकी बहीण योजनेचे पैसे ‘सरकारी खर्च’ म्हणून जीडीपीत येतात का? — एक वाचक, अमरावती

थेट येत नाहीत. जीडीपीत सरकारचा खर्च म्हणजे पगार आणि कारभारासाठीची खरेदी. रस्ते-धरणं गुंतवणुकीत धरली जातात. दीड हजार रुपये खात्यात पडले, हे नुसतं हस्तांतर झालं. त्या बाईने शाळेचं दप्तर घेतलं की तो खासगी खर्च होतो आणि तेव्हा मोजला जातो. बँकेत ठेवले किंवा बचत गटाचा जुना हप्ता फेडला, तर त्या तिमाहीत दिसत नाहीत, जरी तिच्या घराला त्याने मोठा आधार मिळाला असला तरी.

२०२५-२६ साठी या योजनेला ३६,००० कोटींची तरतूद केली गेली. बाईच्या हातात स्वतःचा पैसा असणं मला मोलाचं वाटतं. पण त्याबरोबर भांडवली खर्च, म्हणजे रस्ते-धरणांसारख्या कामांवरचा, मागे पडतोय का, हेही तुम्ही विचारलं पाहिजे. त्यासाठी वर्षभर थांबू नका. महालेखापरीक्षकांच्या संकेतस्थळावर प्रत्येक राज्याचा मासिक हिशेब असतो. महाराष्ट्र निवडा, ‘भांडवली खर्च’ ही ओळ काढा आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापर्यंतच्या रकमेशी ताडून बघा.