राधानगरच्या जंगलात पाच रात्री? दोन पुरेत, आणि रजा विकू नका

प्रश्न थोडक्यात असा: मी पुण्यात केंद्र सरकारच्या कार्यालयात लेव्हल ७ च्या वेतनश्रेणीत आहे. मूळ पगार ५०,५०० रुपये, मूळ गाव कराड. फेब्रुवारीत पत्नी, मुलगी (१६) आणि मुलगा (११) यांच्यासह एलटीसीवर, म्हणजे सरकार प्रवासभाडं देतं त्या सवलतीवर, अंदमानला जायचं आहे. स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, राधानगर किनाऱ्याला लागून जंगलात एक इको-रिसॉर्ट आहे. दोन कॉटेज, प्रत्येकी १२,००० रुपये रात्र, अशा पाच रात्री. आत्ताच सगळे पैसे भरले तर २० टक्के सूट, पण रद्द केलं तर काहीही परत नाही. सहलीसाठी १,३०,००० साठवलेत. जायच्या वेळेपर्यंत दरमहा १८,००० प्रमाणे चार महिन्यांचे आणखी जमतील. कमी पडले तर दोन लाखांची एफडी मोडू, की कार्डावर ‘नो कॉस्ट’ हप्ते करू? सोबत दहा दिवसांची रजाही विकणार आहे. नवीन करप्रणालीत यंदाचं करपात्र उत्पन्न ११,५५,००० आहे. मुलगी दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला जाईल.

नमस्कार. सहल जरूर करा. मुलं या वयाची असताना असं जंगल दाखवायची संधी वारंवार येत नाही. पण २० टक्के सवलतीचा हा सौदा घेऊ नका, एफडीला हात लावू नका आणि रजा अजिबात विकू नका. सगळ्यात मोठी चूक रजेत होणार आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

दहा दिवसांच्या रजेचे पैसे म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले ३०, गुणिले १०. भत्ता ५८ टक्के धरला तर ही रक्कम २६,५९७ होते आणि ती पूर्ण करपात्र असते. त्यातच एलटीसीच्या भाड्याला जुन्या प्रणालीत मिळणारी करसूट नव्या प्रणालीत नाही. त्यामुळे चौघांच्या भाड्याचे ७५,००० धरले तर तेही तुमच्या उत्पन्नात मिळवले जातील. १२ लाखांपर्यंत कर शून्य आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती रेषा जरा ओलांडली की १२ लाखांच्या वर जेवढी रक्कम जाते तेवढाच कर लागतो, वर ४ टक्के उपकर. साधारण १२,७०,५०० पर्यंत हेच गणित चालतं. म्हणजे या पट्ट्यातला प्रत्येक जादा रुपया सरकारजमा होतो.

आता तुमचे आकडे बसवून बघा. फक्त एलटीसी घेतली तर उत्पन्न १२,३०,०००, कर ३०,००० आणि उपकर १,२००. रजाही विकली तर उत्पन्न १२,५६,५९७ आणि उपकरासह कर ५८,८६१. थोडक्यात, २६,५९७ रुपये मिळवण्यासाठी २७,६६१ रुपये जादा कर भरायचा. खिशातून हजार रुपये जाणार, वर नोकरीभरात एलटीसीसोबत विकता येणाऱ्या एकूण ६० दिवसांतले १० दिवस वाया. हीच रजा शिल्लक राहिली तर निवृत्तीच्या वेळी, ३०० दिवसांच्या मर्यादेत, तिचे पैसे सरकारी कर्मचाऱ्याला पूर्ण करमुक्त मिळतात. ७५,००० च्या भाड्यातूनही तुमच्या हाती खरे ४३,८०० च उरतात, हे खर्चाच्या वहीत आत्ताच लिहून ठेवा. नाहीतर फेब्रुवारी-मार्चचा पगार कापून आला की धक्का बसेल. हा हिशेब कार्यालयाच्या वेतन शाखेकडून एकदा तपासूनही घ्या.

आता रिसॉर्ट. सूट धरून भाडं ९६,००० आणि १८ टक्के जीएसटी मिळून १,१३,२८० होतात; सूट नसेल तर १,४१,६००. वाचणारे २८,३२० डोळ्यात भरतात, मान्य आहे. पण बेटावर मुक्कामाचा खर्च भाड्यावर संपत नाही. बोटीच्या जेट्टीपासून राधानगर साधारण १२ किलोमीटरवर. खाणावळी, दुकानं, डायव्हिंगवाले बहुतेक पूर्वेकडे, गोविंदनगर आणि विजयनगरच्या बाजूला. तिकडचे लोक त्यांना ‘तीन नंबर’, ‘पाच नंबर’ म्हणतात, राधानगर ‘सात नंबर’. फेब्रुवारीत सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. किनाऱ्याच्या कडेला उभ्या समुद्री मोहाच्या उंच झाडांखाली लगेच काळोख होतो आणि मग दोन मुलांना घेऊन १२ किलोमीटर जेवायला कोणी जात नाही. जेवण रिसॉर्टमध्येच होणार. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० च्या वर जातं, तिथल्या जेवणावरही ५ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागतो. माणशी ९०० चं एक जेवण, दिवसाला दोन, चौघांचे ७,२००. करासह ८,४९६ रोज. बाहेर माणशी ३५० धरले तर तेच २,९४० मध्ये होतं.

७,५०० चा हा आकडा खोली घेतानाही लक्षात ठेवा. ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते, ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाला जवळपास अकराशे मोजावे लागतात.

माझी मांडणी अशी. पहिल्या दोन रात्री विजयनगरच्या बाजूला साध्या जागी, ४,५०० च्या दोन खोल्या: करासह १८,९००. मग दोन रात्री जंगलातल्या त्याच कॉटेजमध्ये, पण पूर्ण दराने आणि रद्द करता येईल अशा अटीवर: ५६,६४०. शेवटच्या दोन रात्री श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, ४,००० च्या दोन खोल्या: १६,८००. सहा रात्रींचे ९२,३४०. जेवणाचे २८,७५२, खासगी फेरीबोटीचे जाऊन-येऊन १२,०००, गाड्या १०,०००, स्नॉर्केलिंग-स्कूबा १२,०००, विमा आणि किरकोळ ६,०००. एकूण १,६१,०९२, त्यात कर ३१,२०० मिळवला की १,९२,२९२. तुमच्याकडे तोवर २,०२,००० असतील. भागतं.

तुमच्या मूळ बेतात जंगलात पाच रात्री, शहरात एकच रात्र आणि बाकी खर्च तेवढेच धरले, तर २,०७,१०० होतात. रजेचे पैसे आणि त्यांच्यासह येणारा कर यांची वजाबाकी केली की आणखी ३२,२६४. म्हणजे २,३९,३६४. एफडी मोडायची वेळ येते ती इथे.

जंगलातल्या तीन रात्री कमी केल्याचं वाईट वाटेल. पण सकाळी लवकर आणि संध्याकाळी किनारा, दिवसा झाडीतल्या पायवाटा, हे दोन दिवसांत मनसोक्त होतं. तिसऱ्या दिवसापासून मुलं वाळूतल्या बारीक माश्यांच्या चाव्यांनी वैतागतात आणि सगळ्यांनाच स्कूबा, बाजार, वेगळं जेवण हवं असतं. ते सगळं दुसऱ्या बाजूला.

शेवटच्या दोन रात्री शहरात ठेवल्यात त्या उगाच नाहीत. फेरी रद्द झाली तर बोटवाला तिकिटाचे पैसे देतो, बुडालेलं विमान किंवा हॉटेल भरून देत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवामानामुळे हॅवलॉक आणि शेजारच्या नील बेटावर हजाराहून जास्त पर्यटक अडकले आणि नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढावं लागलं. फेब्रुवारी त्या मानाने शांत असतो, तरी बेटावरून उतरायचं आणि त्याच दिवशी विमान पकडायचं, असा बेत करू नये. शिवाय स्कूबा केल्यावर विमानात बसण्याआधी २४ तास जाऊ द्यावेत. स्कूबा पहिल्या दोन दिवसांत उरकलं तर तीही काळजी राहत नाही. विमा घेताना स्कूबाचा उल्लेख पॉलिसीत आहे ना, हे वाचून बघा. साध्या प्रवास विम्यात ते बऱ्याचदा वगळलेलं असतं.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांत व्याजाएवढी सूट दुकानदार देतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्या माथी बसतं. १,१३,२८० चे नऊ हप्ते, १५ टक्के दर धरला तर व्याज सुमारे ७,२०० आणि जीएसटी १,३०० च्या आसपास. बुकिंग परत न मिळणारं असेल तर सहल रद्द होऊनही हप्ते चालूच राहतात. एफडी मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी राहू दे. ऐनवेळी २०-२५ हजार कमी पडलेच तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती न मोडता तिच्या तारणावर उचल, घ्या. ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं, तेही वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरतं.

एलटीसीच्या कागदांत घाई नको. मूळ गाव कराड आणि नेमणूक पुण्याला, म्हणून मूळ गावी जाण्यासाठीची एलटीसी अंदमानसाठी बदलून घेता येते. दोन्ही ठिकाणं एकच असती तर ही सोय नसती. ही विशेष सवलत २५ सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे. लेव्हल ७ ला विमान चेन्नई ते श्री विजयपुरम एवढ्याच टप्प्यासाठी. पुणे ते चेन्नई रेल्वेने, सेकंड एसीने. वरचे ७५,००० याच हिशेबाने धरलेत. हा टप्पा विमानाने करायचा असेल तर भाड्यातला फरक तुमचा. विमानाची तिकिटं बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या सरकारमान्य एजंटांकडूनच, प्रवासाच्या किमान २१ दिवस आधी, आणि हॉटेल जोडलेलं पॅकेज नको. भाड्याच्या ९० टक्के आगाऊ मिळतात. ते घेतल्यापासून १० दिवसांत तिकिटं कार्यालयात दाखवायची आणि परतल्यावर महिन्याभरात बिल सादर करायचं. उशीर झाला तर दंडव्याजासह वसुली होते.

रिसॉर्टला पैसे पाठवण्याआधी दोन प्रश्न ईमेलवर विचारा आणि लेखी उत्तर मिळाल्यावरच आगाऊ रक्कम भरा. पहिला: किती दिवस आधी रद्द केलं तर किती परत मिळेल? दुसरा: हवामानामुळे फेरीच रद्द झाली तर न राहिलेल्या रात्रीचे पैसे परत देणार, की तारीख बदलून देणार? फक्त तारीख बदलून देतो म्हणाले तर तिथे एकाच रात्रीचं बुकिंग करा. दुसरी रात्र जागा असेल तर तिथेच वाढवता येईल, नाहीतर विजयनगरला.