मोबाइलची सवय की मोबाइलचं व्यसन?

बोरिवलीच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. पालकसभेच्या सूचनेत त्यांनी ‘मुलांमधील मोबाइलचे व्यसन’ असा विषय लिहिला आणि सभेत दोन पालक उखडले. ‘बाई, आमची मुलं व्यसनी नाहीत. सवय आहे, बस.’ बाईंचं म्हणणं, वर्तमानपत्रं तर सर्रास व्यसनच लिहितात. मग बरोबर कोण? शिवाय दोन पोटप्रश्न आहेत. सवय लागते, जडते की पडते? आणि तलफ आली की हल्ली सगळे ‘डोपामाइन’ (मेंदूतलं एक रसायन) म्हणतात, ते ठीक आहे का?

आधी पालकांची बाजू घेते. आजच्या मराठी कानाला व्यसन म्हटलं की दारू, तंबाखू, जुगार एवढंच ऐकू येतं. स्थळांच्या जाहिरातीत ‘निर्व्यसनी’ म्हणून छापलेला मुलगा दिवसाला आठ कप चहा पीत असेल, रात्री दोनपर्यंत मोबाइल बघत असेल, तरी जाहिरात खोटी ठरत नाही. त्यामुळे पालकांना शब्द झोंबला यात नवल नाही.

पण संस्कृतात हा शब्द पुष्कळ ऐसपैस होता. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाची १८ व्यसनं मोजली आहेत, १० कामातून उपजणारी आणि ८ क्रोधातून. पहिल्या दहांत शिकार, द्यूत, मद्य आहेतच, पण दिवसा झोपणं, लोकांच्या कुचाळक्या करणं आणि विनाकारण भटकणं हीसुद्धा आहेत. दुपारची झोप व्यसनात धरली तर आमच्या दादरच्या इमारतीतला एकही निवृत्त माणूस निर्व्यसनी उरत नाही. क्रोधाच्या यादीत चहाडी आहे, मत्सर आहे, कठोर बोलणं आहे. म्हणजे बाईंना हवं असेल तर भांडायला जुना आधार आहे.

आता या शब्दाची खरी गंमत. व्यसन म्हणजे वि अधिक अस्. हा अस् ‘असणे’वाला नव्हे, ‘फेकणे’ अर्थाचा. इकडेतिकडे फेकणं, उधळणं; त्यावरून आपत्ती, नाश आणि मग नाशाकडे नेणारी ओढ. आता याच धातूला ‘अभि’ लावा. अभ्यास! एकाच दिशेने, त्याच जागी पुन्हापुन्हा टाकत राहणं. पाणिनीच्या व्याकरणात तर अभ्यास ही चक्क द्विरुक्तीची संज्ञा आहे. ‘ददाति’मधला पहिला ‘द’ म्हणजे अभ्यास. पुस्तक उघडून बसण्याचा अर्थ त्यावर नंतर चढला. मूळ मुद्दा पुन्हा करण्याचा. ज्या दोन शब्दांना आपण घरात समोरासमोर उभं करतो (‘अभ्यास सोड आणि मोबाइल घेऊन बस!’) ते सख्खे भाऊ निघतात.

मेंदूचंही काहीसं असंच आहे. पुनरावृत्ती चांगली की वाईट हे तो आधी विचारत बसत नाही. मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. एमआयटीतल्या अ‍ॅन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना टी आकाराच्या बोळातून पळवून बक्षिसाला चॉकलेट दिलं. १९९९ साली त्यांनी जे छापलं ते असं : उंदीर नवशिका असताना त्या भागातल्या पेशी वाटभर बडबडत होत्या. वाट पायाखालची झाल्यावर मात्र सुरुवातीला एकदा आणि शेवटाला एकदा त्या जोरात बोलू लागल्या. मधे जवळपास सामसूम. अख्खी धाव म्हणजे एक गाठोडं झालं. कुठे उचलायचं आणि कुठे ठेवायचं, एवढंच लक्षात ठेवायचं.

हे वाचलं तेव्हा मला माझे वडील आठवले. गिरगावातल्या एका छापखान्यात ते खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, डोळे हस्तलिखितावर, आणि उजवा हात खिळ्यांच्या पेटीच्या खणांमधून चिमणीसारखा टिपत जायचा. कोणता खण कुठे, असं विचारलं तर त्यांना हात हलवून दाखवावा लागे. नुसतं तोंडाने सांगता येत नसे. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्यात ‘संवय’ची ‘सवय’ झाली. नियम त्यांना कळला होता, पटलाही होता. तरी कितीतरी महिने प्रूफात ‘संवय’च यायची, कारण स पडला की हात आपसूक अनुस्वाराच्या खणाकडे वळायचा. मुद्रितशोधक ओरडले की म्हणायचे, ‘डोक्याला कळलंय हो, हाताला कळायचंय.’

ही नुसती म्हणायची गोष्ट नाही. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा रुग्ण होता. फेफऱ्यावर इलाज म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूतला हिपोकॅम्पस आणि आसपासचा भाग दोन्ही बाजूंनी काढला आणि नवीन काही लक्षात राहणंच बंद झालं. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगला सुधारला. आणि दर दिवशी त्याच्या लेखी ते काम पहिल्यांदाच चाललेलं! आपल्याकडे याला ‘हात बसणं’ म्हणतात. डोकं बसत नाही, हात बसतो. सवय मनवळणी पडत नाही, अंगवळणी पडते. अर्थात हातात स्मरण नसतं, तेही मेंदूतच असतं, फक्त वेगळ्या खणात. कौशल्य आणि सवय या तंतोतंत एक नव्हेत हेही खरं, पण भाषेने दोन्हींना अंगाशी बांधलं ते उगाच नाही.

आता क्रियापदं. ‘लागणे’ हे सगळ्यांत मोकळं. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, तशी सवय लागते. यात मी कर्ता नाहीच, ‘मला’ लागते. इंग्रजीच्या नादाने हल्ली ‘मी सवय विकसित केली’ असलं वाक्य दिसतं. मराठीत माणूस सवय विकसित करत नाही. तो ती लावून घेतो, किंवा त्याला ती लागते. ‘जडणे’ला आजाराचा वास आहे. रोग जडतो, व्यसन जडतं. प्रेमही जडतं, पण ते लोक आजारातच धरतात. ‘पहाटे उठायची सवय जडली’ असं कुणी म्हटलं तर त्या माणसाला पहाटे उठणं फारसं मानवलेलं नाही, असं मी समजते. ‘सवय पडणे’ चूक नाही, पण माझ्या कानाला थोडं जुनं लागतं; ‘अंगवळणी’बरोबर मात्र पडणेच हवं.

लावून घ्यायला किती दिवस लागतात, यावर एकवीस दिवसांचा एक आकडा जिकडेतिकडे फिरत असतो. तो बहुधा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनकडून आला. त्यांनी १९६० साली लिहिलं होतं की, शस्त्रक्रियेनंतरच्या नव्या चेहऱ्याला रुग्ण सरावायला किमान २१ दिवस जातात. सरावायला! मराठीत हे प्रकरण दोन मिनिटांत मिटलं असतं. सरावणं म्हणजे एखादी गोष्ट खटकेनाशी होणं. रेल्वेलाइनलगतच्या चाळीतली माणसं गाड्यांच्या आवाजाला सरावतात. सवय लावून घेणं म्हणजे काहीतरी आपसूक करू लागणं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ माणसांना रोज एक छोटी गोष्ट करायला लावली, कुणी जेवताना पाणी पिणं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी धावणं. ती आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागतात असा हिशेब निघाला, पण पसरट किती? १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही, हेही त्यात निघालं.

तलफेकडे येते. हा शब्द ‘तलब’वरून आपल्याकडे आला आणि छान मुरला. चहाची तलफ येते, विडीची येते. पुरणपोळीची येत नाही, ती खावीशी वाटते. हा फरक शास्त्रज्ञांना फार उशिरा सापडला. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी ऐकल्या. अनपेक्षित रसाचा थेंब मिळाला की पेशी उसळायच्या. थेंबाआधी खूण मिळायला लागली, माकड शिकलं, आणि मग पेशी खुणेलाच उसळू लागल्या. प्रत्यक्ष रसाला नाही. खूण झाली आणि रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या गप्प व्हायच्या. म्हणजे चहा पोटात गेल्यावर नव्हे, नाक्यावरच्या टपरीवर काचेचे ग्लास एकमेकांवर आपटले तिथेच काम सुरू. केंट बेरिज यांच्या प्रयोगात डोपामाइन जवळजवळ संपवलेले उंदीर अन्नाकडे जाईनात, पण जिभेवर साखर ठेवली तर पूर्वीसारख्याच मिटक्या मारत. गोडी शाबूत, तलफ गेली. म्हणून ‘डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन’ असं लिहिलेलं दिसलं की माझा निळ्या पेन्सिलीचा हात शिवशिवतो. डोपामाइन शब्द खुशाल वापरा, त्याला मराठी प्रतिशब्द घडवायची गरज नाही. पण तलफेच्या जागी वापरू नका. एक रसायन आहे, दुसरा अनुभव. आणि चहा न मिळाल्यावर डोकं चढतं ते आणखी वेगळं प्रकरण, कॅफीन थांबल्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात त्याचं.

‘सवय मोडणे’ हा शब्दप्रयोग मात्र मला शास्त्राच्या बाजूने थोडा खोटा वाटतो. मोडत काही नाही. जुन्या शिकण्यावर नवं शिकणं चढतं आणि जुनं खाली पडून राहतं, हे पावलोव्हच्या कुत्र्यांपासून दिसलेलं आहे : घंटेनंतर खाणं मिळतं हे शिकल्यावर घंटेलाच लाळ सुटू लागली; मग घंटेनंतर खाणं देणं थांबवलं, लाळ आटली, मधे काही वेळ जाऊ दिला, पुन्हा घंटा, पुन्हा लाळ. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण त्यापेक्षा नेमकी.

पीळ माझाच सांगते. दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांना ९ डिसेंबर २०२३ पासून ८ ते १४ असे नवे आकडे मिळाले, कारण मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही लाइनींना एक नंबर, दोन नंबर असे तेच आकडे असल्याने लोक चुकायचे. मला हे पाठ आहे. नव्या माणसाला वाट सांगताना मी बरोबर ‘आठ’ म्हणते. गेल्या वर्षी भाची अंधेरीला राहायला आली. फोनवर घाईत तिला म्हटलं, ‘एक नंबरला थांब.’ पंचवीस मिनिटं दोघी थांबलो. ‘मावशी, मी एक नंबरवरच आहे.’ ‘अगं, मीपण!’ शेवटी तिने विचारलं, ‘तुझ्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाच बरं.’ वर वाचलं. आठ. ती पश्चिम रेल्वेच्या खऱ्याखुऱ्या एक नंबरवर उभी होती. घाई, गर्दी, थकवा असला की खालचा थर वर येतो.

तर बाई, निकाल. मुलाचा हात कंटाळ्याच्या पहिल्या मिनिटाला फोनकडे जातो, यात मजा आहे की नाही याच्याशी त्या हाताला कर्तव्य नाही : ही सवय. याचा एक झकास प्रयोग २०११ साली छापून आला. चित्रपटगृहात नेहमी पॉपकॉर्न खाणाऱ्यांना आठवडाभराचे शिळे दिले, तर त्यांनी ताज्याइतकेच संपवले, आवडले नाहीत असं सांगूनही. डाव्या हाताने खायला लावल्यावर मात्र शिळे शिल्लक राहू लागले. तुमच्या पालकांना उपाय म्हणून सांगायला हरकत नाही : फोन नेहमीच्या जागेवरून हलवा, हात अडखळू द्या.

झोप उडाली, जेवण सुटलं, शाळा बुडू लागली, मुलालाही ते दिसतंय आणि तरी हात आवरत नाही, तर व्यसन म्हणायला मला संकोच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, गेम खेळण्याचा विकार घातलेला आहे, पण ताबा सुटणं आणि नुकसान होत असूनही चालू ठेवणं या अटींवर. ‘मोबाइलचं व्यसन’ असा वेगळा आजार त्यात नाही. सरसकट सगळ्या वर्गाला व्यसन चिकटवणारी सूचना म्हणून जरा जड झाली.

मधला शब्द आपल्याकडे आहे की. नाद. ‘मोबाइलचा नाद’ लिहिलं असतं तर कुणी उखडलं नसतं. नादात काळजी आहे, आरोप नाही, आजीलाही कळतो. कोल्हापूरकरांनी ‘नाद खुळा’ म्हणत त्याची पार शाबासकी करून टाकली आहे आणि ती आता मुंबईतल्या दहीहंडीच्या बॅनरांवर पोचली आहे, पण पालकसभेच्या कागदावर जुना अर्थ अजून उभा राहतो.

तुमच्या पत्रात एका ठिकाणी ‘संवय’ असं टिंब देऊन आलंय. ते मी सुधारलं नाही. कुणाकडून उचललंत, तेवढं कळवा.