जुनी जीएल घेण्याआधी

प्रिय मित्रा,

तू पाठवलेले फोटो नीट बघितले. २०१४ ची मर्सिडीज जीएल ३५० सीडीआय, एमएच-०२ पासिंग, दुसरा मालक. नवी असताना पाऊण कोटीच्या घरातली गाडी आता त्याच्या चौथाईत मिळतेय म्हटल्यावर कुणालाही मोह होईल. पण गाडीची किंमत उतरली, तिच्या पार्टांची नाही. टोकन देण्याआधी पुढचं सगळं तपासच. खर्चाचे आकडे ढोबळ समज. कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि बाहेरचं चांगलं गॅरेज यांत दीडपट-दुपटीचा फरक सहज पडतो.

सगळ्यात आधी एअर सस्पेन्शन. या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नाहीत, हवा भरलेले रबरी फुगे आहेत. पुढे फुगा आणि शॉकअप एकाच जोड-पार्टमध्ये, म्हणजे स्ट्रटमध्ये, मागे दोन्ही वेगळे. वर्षं झाली की रबराच्या घडीवर बारीक चिरा पडतात आणि हवा हळूहळू निघत राहते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर पुन्हापुन्हा चालतो आणि शेवटी जळतो. म्हणून ‘कॉम्प्रेसर नवाच टाकलाय’ असं कुणी कौतुकाने सांगितलं तर सावध हो. फुगा गळका असेल तर तो नवा कॉम्प्रेसरही टिकणार नाही.

तपासायची रीत सोपी आहे. मालकाला सांग, रात्री गाडी सपाट जागी लावा आणि मी येईपर्यंत दारही उघडू नका. काही गाड्यांत दार उघडलं की यंत्रणा जागी होऊन उंची सारखी करते. सकाळी टेप घेऊन जा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मोज. डाव्या-उजव्यात बोटभर फरक असेल तर बसलेल्या बाजूला गळती आहे. मग इंजिन चालू करून गाडी उचलायचं बटण दाब. कॉम्प्रेसर घरघरत राहिला आणि एखादा कोपरा मागेच राहिला, की नेमकी जागा शोधायला फुग्यावर आणि पाइपच्या जोडावर साबणाचं पाणी मार, बुडबुडे दिसतील. पुढचा एक स्ट्रट कंपनीचा घेतलास तर लाखाच्या पुढे, आफ्टरमार्केटचा, म्हणजे बाहेरच्या कंपनीचा, साधारण निम्म्यात. कॉम्प्रेसर चाळीस ते ऐंशी हजार, आणि त्याच्यासोबत रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, बदलायलाच हवा, कारण तो चिकटला की कॉम्प्रेसर बंदच होत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या पार्टांच्या बाजारात, वापरलेला स्ट्रट स्वस्तात मिळेल. तो घेऊ नकोस. जुनं रबर विकत घेण्यात काही अर्थ नाही. दाराचं हँडल, आरसा, दिवा यांसाठी मात्र तो बाजार उत्तम.

इंजिन ओएम ६४२, तीन लिटरचं व्ही-६ डिझेल. दणकट आहे, पण ऑइल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खाचेत बसवलाय. त्याचे सील उष्णतेने कडक होतात, ऑइल खाचेत साचून इंजिनच्या मागच्या बाजूने गिअरबॉक्सच्या तोंडाशी उतरतं. खालून बघणारा मेकॅनिक ‘क्रँकचं मागचं सील गेलं’ म्हणून गिअरबॉक्स उतरवायला निघतो. आधी वरून टॉर्च मारून खाच बघायला सांग. सील काहीशे रुपयांचे, पण तिथपर्यंत पोचायला टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड काढावे लागतात, त्यामुळे गॅस्केट धरून बिल पन्नास हजारांच्या आसपास जातं. जुने सील केशरी, सुधारित सील जांभळे, जांभळेच टाकायचे. त्याच वेळी टर्बोच्या तोंडाचं सीलही बदलून घे. तिथलं ऑइल खालच्या स्वर्ल मोटरवर (इनटेकमधल्या झडपा फिरवणारी छोटी मोटर) ठिबकतं, मोटर जाते आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम कमी केलेल्या ताकदीवर, अडकते.

तुझ्या यादीत दुसरी म्हणून बीएमडब्ल्यू एक्स-५ किंवा ऑडी क्यू-७ असेल, तर त्यांच्या तीन लिटर डिझेलची टायमिंग चेन (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला असते, म्हणून तिथपर्यंत पोचणंच महाग पडतं. थंड इंजिन चालू करताना पहिले काही सेकंद खडखड ऐकू आली, तर दीड-दोन लाख बाजूला काढूनच भाव कर.

आता पाणी, आणि मुंबईत हे सगळ्यात महत्त्वाचं. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे अडकलेल्या कितीतरी गाड्या पॉलिश करून पुन्हा विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, टोकाला मातीची रेघ राहते. सीटच्या रुळांचा गंज बघ. कार्पेटचा कोपरा उचलून खालच्या फोमवर टिश्यू दाब. ओला निघाला तर तिथूनच परत फिर, कारण अशा पाण्याने वायरिंगचे जोड आणि कंट्रोल युनिट आतून गंजतात आणि बिघाड वर्षभर एकेक करून बाहेर येतो. पूर आला नसला तरी सनरूफच्या नळ्या गुलमोहराच्या पानांनी तुंबतात. सनरूफ उघडून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत हळूहळू बाटलीभर पाणी ओत. ते गाडीखाली ठिबकायला हवं, पायाशी नव्हे.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर स्कॅन करायला झेंट्री, म्हणजे मर्सिडीजचं स्वतःचं तपासणी सॉफ्टवेअर, असलेल्या गॅरेजमध्येच ने. साधा ओबीडी स्कॅनर सस्पेन्शन आणि बॉडीची युनिट नीट वाचत नाही. मीटर मागे केलेलं असेल तर चेसिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस नोंदींत किलोमीटर जुळत नाहीत, तेही तपास. बॅटरी अशक्त असली की खोटे एरर येतात, म्हणून आधी व्होल्टेज बघायला सांग.

तुझा रोजचा प्रवास दादर ते बीकेसी असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबणार. काजळी जाळायला सलग वेग लागतो. आठवड्यातून एकदा ईस्टर्न फ्रीवेवर वीसेक मिनिटं चालव. जाळणं अर्धवट राहिलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वाढलेली दिसते. ‘डीपीएफ काढून टाकू’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस. इंजिन ऑइल मर्सिडीजच्या २२९.५१ ग्रेडचंच, आठ-साडेआठ लिटर.

कागदांत हायपोथिकेशन (गाडीवर कर्जाचा बोजा), ई-चलान आणि विम्याचे जुने क्लेम बघ. दिल्लीची स्वस्त गाडी दाखवली तर एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स किमतीत मिळवूनच तुलना कर.

खरेदीनंतर तीन लाख हातात राहणार नसतील तर ही गाडी आत्ता घेऊ नकोस, हे अगदी मनापासून सांगतो. राहणार असतील तर चारही चाकांची मापं आणि स्कॅनचा रिपोर्ट पाठव, मग भावाचं बोलू.