ग्रीन कार्ड, सतरा महिने आणि एका घरातले दोन निर्णय

मुलाने आई-वडिलांना अमेरिकेचं ग्रीन कार्ड करून दिलेलं असतं. कुणाच्या तरी लग्नाला म्हणून दोघं गावी येतात, मग आजारपण निघतं, शेतीच्या वाटणीचं काम निघतं, आणि बघता बघता वर्ष उलटतं. मग कुणीतरी सांगतं, "सहा महिन्यांत परत गेला नाहीत ना, आता कार्ड रद्द." जळगावात ज्येष्ठांच्या कुटुंबांसोबत समुपदेशनाचं काम करताना ही धास्ती मी अनेक घरांत पाहिली आहे. त्यातलं एक घर इथे सांगते. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अंमळनेर तालुक्यातलं, बोरीकाठचं गाव. काकू आणि आप्पा. थोरला मुलगा अमेरिकन नागरिक, धाकटा गावी शेती बघतो. कार्ड २०१८ मध्ये मिळालं. डिसेंबर २०२२ मध्ये पुतणीच्या लग्नाला दोघं आले, मार्चचं परतीचं तिकीट हातात होतं. फेब्रुवारीत आप्पांना लकवा मारला. मे २०२४ मध्ये काकू माझ्यासमोर बसल्या तेव्हा सतरा महिने झाले होते. पहिलंच वाक्य, "मनं कार्ड गयं का वो ताई?" आणि डोळ्यांना पदर.

काकूंना तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. भाचा म्हणाला, पाच वर्षांत दोन वर्षं राहिलं की झालं. तो राहतो कॅनडात, आणि त्याचं म्हणणं तिथलं आहे: तिथे पाच वर्षांत ७३० दिवसांचा हिशेब असतो. अमेरिकेत असा दिवसांचा आकडा नाही. शेजारच्या गावातले एक जण म्हणाले, दर सहा महिन्यांनी जाऊन शिक्का मारून आलं की कार्ड कायम राहतं. तिसरा म्हणाला, विमानतळावर जबरदस्तीने सही घेऊन कार्ड काढून घेतात.

शिक्क्याचा हा समज सगळ्यात जास्त घरांना महागात पडतो. त्याचा उगम खरा आहे. १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर परतताना जास्त कसून चौकशी होऊ शकते, आणि पुढे नागरिकत्व हवं असेल तर सहा महिन्यांच्या वरच्या गैरहजेरीचा खुलासा द्यावा लागतो. पण कार्ड टिकतं ते घर तिकडे आहे म्हणून. वर्षात दोनदा पंधरा दिवस जाऊन येणाऱ्या माणसाचं बिऱ्हाड भारतात आहे, हे तिथल्या अधिकाऱ्याला सहज कळतं, आणि अशा माणसाचं कार्ड वर्ष न ओलांडताही अडचणीत येऊ शकतं. उलट वर्ष ओलांडलं म्हणून हक्क आपोआप संपत नाही. नुसत्या कार्डावर परत प्रवेश मिळण्याची सोय मात्र संपते. विमान कंपनी बसू देईलच असं नाही.

सहीच्या भीतीबद्दल काकूंना मी स्पष्ट सांगितलं: आय-४०७ हा फॉर्म स्वेच्छेने कार्ड परत करण्याचा आहे. त्यावर सही करण्याची सक्ती नाही. 'मला इमिग्रेशन न्यायाधीशासमोर जायचं आहे' असं म्हणता येतं, आणि तिथे तुम्ही वास्तव्य सोडलं हे भक्कम पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असते. हे ऐकल्यावर त्या पहिल्यांदा पाणी प्यायल्या. आमच्याकडे येणारे पुष्कळ ज्येष्ठ घाबरून सही करून मोकळे होतील अशा मनःस्थितीत असतात. इंग्रजी कळत नाही, समोर गणवेशातला माणूस. मुलांनी ही एक गोष्ट आई-वडिलांना मराठीत बसून समजावावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

मग मी दोघांना वेगवेगळं विचारलं: तुम्हाला तिकडे राहायचं आहे का? कार्ड ठेवायचं आहे का, हा प्रश्न मी मुद्दाम नंतर घेते. कार्ड हातचं जाऊ नये असं सगळ्यांनाच वाटतं. राहायचं कुठे, हे पुष्कळांनी स्वतःला विचारलेलंच नसतं.

काकू क्षणभरही थांबल्या नाहीत. तिकडे नात आहे, तिला उशिरा बोलायला यायला लागलं, ती आजीशीच जास्त बोलते. काकूंनी पर्समधून तिथल्या वाचनालयाचं कार्ड काढून दाखवलं. दर आठवड्याला त्या नातीला घेऊन जायच्या. आप्पा बराच वेळ गप्प होते. लकव्याने जीभ अजून थोडी अडखळत होती. शेवटी म्हणाले, "कानबाई बसते ते घर सोडून मी कुठे मरू?" कानबाई म्हणजे खानदेशात घरोघरी बसवली जाणारी देवी. लकव्याच्या आधीची चार वर्षं ते कापसाच्या हंगामाला गावी यायचे आणि सून-मुलगा बोलावतील तेव्हा तिकडे जायचे. म्हणजे कार्ड दोघांचं, पण राहणं एकाचंच. मुलाला वाईट वाटेल म्हणून दोघांपैकी कुणीही हे बोललं नव्हतं.

इमिग्रेशनचं काम करणाऱ्या वकिलाशी मुलाने बोलून घेतलं. कायदा त्यांनी पाहिला, आम्ही कागद लावले. काकूंसाठी मार्ग होता रिटर्निंग रेसिडेंट व्हिसाचा, ज्याला एसबी-१ म्हणतात. डीएस-११७ फॉर्म भरून मुंबईच्या वाणिज्य दूतावासात अर्ज करायचा. दाखवायचं हे की निघताना त्या कायम रहिवासी होत्या, परतायच्या इराद्यानेच निघाल्या, तो इरादा सोडला नाही, आणि मुक्काम लांबला तो स्वतःच्या हाताबाहेरच्या कारणाने. हा व्हिसा सहज मिळत नाही, हेही मी सांगितलं. "इकडे बरं वाटत होतं" हे कारण चालत नाही.

काकू साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आल्या. धुळ्याच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीच्या पावत्या, औषधांची बिलं, मार्चच्या तिकिटाची प्रिंट आणि ते रद्द केल्याचा मेल. आम्ही जमिनीवर तारखेनुसार ओळ लावली. दवाखान्यात भरती केल्याच्या चौथ्या दिवशी तिकीट रद्द झालेलं. माझ्या मते त्या पिशवीतला सगळ्यात बोलका कागद तोच होता. पुढे आप्पा आधाराविना चालू लागल्याची डॉक्टरांची नोंद, आणि त्यानंतर लगेच काकूंनी परतीची चौकशी सुरू केलेली. मुलाने तिकडून बँकेचे कागद, राज्याचं ओळखपत्र आणि काकूंनी रहिवासी म्हणून भरलेली कर विवरणपत्रं पाठवली.

कर विवरणपत्राबद्दल आपल्याकडे फार अज्ञान आहे. ग्रीन कार्डधारकाला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेत दाखवावं लागतं. शेतीचं उत्पन्न आपल्याकडे करमुक्त, म्हणून कापसाचे पैसे दाखवायचेच नाहीत असं लोक धरून चालतात. ते तिथे चालत नाही. आणि स्वतःला अनिवासी म्हणवून विवरणपत्र भरलं, तर ते वास्तव्य सोडल्याचं लक्षण धरलं जाऊ शकतं.

काकूंचा अर्ज मंजूर झाला. त्यानंतर पुन्हा इमिग्रंट व्हिसाचा फॉर्म, मेडिकल, मुलाखत, सगळं झालं. नाकारला असता तरी मुलगा नागरिक असल्याने तो आईसाठी नव्याने अर्ज करू शकला असता. वेळ आणि पैसा गेला असता, पण दार बंद झालं नसतं. पुढच्या वेळी लांब मुक्कामाला येण्याआधी अमेरिकेत असतानाच री-एंट्री परमिटचा, म्हणजे लांब मुक्कामानंतर परत येण्याच्या परवान्याचा, अर्ज करायचा, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. तो साधारण दोन वर्षांपर्यंतचा मिळतो, आणि भारतात येऊन करता येत नाही.

आप्पांनी आय-४०७ भरून टपालाने पाठवला. मुलाला फोनवर त्यांनी स्वतः सांगितलं. मुलगा रडला, मग म्हणाला, "आप्पा, मी दरवर्षी कानबाईला येतो." कार्ड परत करणं म्हणजे मुलाला नाकारणं नव्हे, हे त्या घराला पटायला तीन बैठका लागल्या.

कापूस वेचणी आटोपली की आप्पा व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज करणार आहेत. तो मिळेलच याची हमी नाही. आधी ग्रीन कार्ड होतं आणि ते स्वतःहून परत केलं, ही गोष्ट मुलाखतीत लपवायची नाही, आय-४०७ ची प्रत आणि सातबारा सोबत ठेवायचा, एवढं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.